केळं कोणी घातलं?

“दादा, यात केळं घातलंय का?”

क्राफ्ट बियरच्या बारमध्ये तासभर बसलं की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या टेबलावरून कानावर येतोच. वेटर नवा असेल तर बिनदिक्कत ठोकून देतो, “हो सर, बनाना फ्लेवर आहे.” शिकवून तयार केलेला असेल तर म्हणतो, “नाही सर, हेफेवाइझेन आहे.” विचारणाऱ्याच्या ज्ञानात दोन्ही उत्तरांनी सारखीच भर पडते.

त्या पेल्याच्या आसपासही केळं फिरकलेलं नसतं. आणि तरी विचारणाऱ्याचं नाक अगदी बरोबर असतं. पिकल्या केळ्याच्या वासातला जो मुख्य रेणू, आयसोअमाइल ॲसिटेट, तो त्या हेफेवाइझेनमध्ये, म्हणजे गव्हाच्या बियरमध्ये, जसाच्या तसा हजर असतो. लिटरमागे काही मिलिग्रॅम, बस. मीरा-भाईंदरच्या माणसाला हा वास पटकन ओळखू यावा यात नवल नाही. खाडीवरचा पूल ओलांडला की वसई, तिथल्या वाड्यांमधली राजेळी, आगाशीची सुकेळी. ज्यांच्या घरी सुकेळ्यांची पुडी येत आली आहे, त्यांना ‘फ्रूटी नोट्स’ वगैरे शब्द लागत नाहीत.

मग केळं घातलं कोणी? एका बुरशीने.

त्या बुरशीकडे वळण्याआधी जागेबद्दल दोन शब्द. मीरा-भाईंदरला ‘बार’ म्हटलं की वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर येई तो काशिमीऱ्याचा हायवे, काळ्या काचा आणि आत ऑर्केस्ट्रा. घरात त्याचा विषय निघायचा तोही दबक्या आवाजात. क्राफ्ट बियरच्या जागेचा थाट वेगळा. दर्शनी काच आरपार, भिंतीवर नळांची रांग, फळ्यावर खडूने लिहिलेली नावं, कोपऱ्यातल्या टेबलावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. नवख्या गिऱ्हाइकापुढे लाकडी पट्टीवर चार-सहा छोटे पेले येतात. फिका सोनेरी, गढूळ पिवळा, तांबूस, काळा कुळकुळीत. मग सुरू होतात शेरे आणि तक्रारी: ही गढूळ का? फेसच अर्धा दिलाय. गार नाही. हिला किक नाही. मागच्या शनिवारी वेगळी लागली होती. कान देऊन ऐकलं तर यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीमागे खरीखुरी रसायनं सापडतात. गिऱ्हाइकाची जीभ आणि नाक ही मोठी तरबेज उपकरणं आहेत. गोंधळ होतो तो कारण सांगताना.

तर बुरशी. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, इथवर शाळेत शिकलेलं असतं. पण ती एवढ्यावर थांबत नाही. धान्यातून आलेल्या ल्युसीन नावाच्या अमिनो आम्लाची मोडतोड करून ती आधी एक जड अल्कोहोल बनवते, मग त्याला ॲसिटेटचं शेपूट जोडते. झालं केळं. हे शेपूट जोडणारं विकर ज्या जनुकावरून बनतं त्याचं नाव एटीएफ१. यीस्टची जात कोणती, आंबवण्याचं तापमान किती, टाकी उंच की बसकी, यावर केळ्याचं प्रमाण ठरतं. ऊब वाढली की वास वाढतो. उंच टाकीत तळाशी दाब आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे वास दबतो. बव्हेरियातले काही बियरवाले म्हणूनच आजही गव्हाची बियर उघड्या हौदात आंबवतात. मागच्या शनिवारी वेगळी लागली म्हणणाऱ्याला हसू नये. दोन अंशांचा फरकही नाकाला कळू शकतो.

पण यीस्टने या उठाठेवीत जीव का घालावा? साखर खाल्ली, पोट भरलं, विषय संपला. वास बनवायला लागते ती ऊर्जा फुकटची थोडीच आहे? याचं उत्तर मिळालं ते निम्मं अपघाताने. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठात केव्हिन व्हर्स्ट्रेपेन नावाचा विद्यार्थी यीस्टच्या वासांवर काम करत होता. एका शनिवार-रविवारी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्या सुटल्या आणि त्याच्या टेबलावरच्या चंबूत शिरल्या. मात्र एकाच चंबूत, भरपूर वास करणारं यीस्ट असलेल्या. ज्यातलं एटीएफ१ बंद केलं होतं त्या चंबूकडे माश्यांनी जवळपास पाठच फिरवली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी, २०१४ साली, त्याने आणि सहकाऱ्यांनी रीतसर प्रयोग करून दाखवून दिलं की हा वास म्हणजे यीस्टने माशीला घातलेली साद आहे. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत, वाऱ्यावर उडण्यातही ती फारशी हुशार नाही. माशी येते, चाखते, पायाला यीस्ट चिकटवून पुढच्या सडक्या फळावर जाते. बुरशीचा प्रवास होतो, माशीला जेवण मिळतं.

म्हणजे शनिवारी रात्री शंभर माणसं गाड्या लावायला जागा शोधत ज्या वासासाठी येतात, तो मुळात फळमाशीला बोलवायचा होता. आपण आगंतुक.

याच रेणूची आणखी एक नोकरी आहे. मधमाशी डंख मारते तेव्हा डंखाबरोबर जो ‘धावा, धावा’ असा इशारा देणारा गंध सुटतो, त्यातला प्रमुख घटकही आयसोअमाइल ॲसिटेटच. शास्त्रज्ञांनी हे १९६२ साली ओळखलं. केळं खाऊन पोळ्याजवळ जाऊ नये असं मधमाशीपालक सांगतात ते उगाच नाही. गव्हाची बियर पिऊन जाण्याबद्दल अर्थात वेगळं सांगायची गरज नसावी.

ज्याला केळं जाणवत नाही, त्याला त्याच पेल्यात लवंग जाणवते. तीही घातलेली नसते. गव्हाच्या आणि जवाच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्याचा एक तुकडा छाटून टाकतात आणि उरतं ते फोर-व्हिनाइल ग्वायकॉल, लवंगेतल्या युजेनॉलचं सख्खं भावंड. गंमत अशी की पिल्सनर, साधी एल अशा दुसऱ्या प्रकारच्या बियरमध्ये हाच वास आला तर ती बनवणारा ब्रुअर कपाळाला हात लावतो, बियर बिघडली म्हणतो. २०१६ मध्ये १५७ यीस्टचे जनुकसंच वाचणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बियरच्या बहुतेक यीस्टमध्ये लवंग बनवणारी जनुकं मोडून पडलेली आहेत. माणसाने बियरचं यीस्ट ‘पाळायला’ साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात सुरुवात केली असावी, असा अंदाज त्याच अभ्यासातून निघाला. बियर बनवतं ते यीस्ट, हे तर एकोणिसाव्या शतकात, पाश्चरच्या काळात कळलं. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धतेच्या फर्मानात जव, हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढ्याच वस्तूंची नावं आहेत, यीस्टचा पत्ताच नाही! कोणाला ठाऊकच नव्हतं. चांगल्या जमलेल्या घाणातला गाळ उचलून पुढच्या घाणात टाकायचा, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. लवंग ज्यांना नको होती त्यांनी न पाहिलेल्या, नाव नसलेल्या जिवाची लवंग अशी हळूहळू काढून टाकली. गव्हाच्या बियरवाल्यांना ती आवडत होती, त्यांच्याकडे राहिली.

आता गढूळपणा. गव्हात प्रथिनं जास्त आणि बियर गाळलेली नाही, यीस्ट अजून तरंगतंय, म्हणून गढूळ. एवढंच.

साखर येते कुठून, हा प्रश्न सहसा टेबलावर निघत नाही, पण खरा चमत्कार तिथे आहे. जवाच्या दाण्यात साखर जवळजवळ नसतेच, असतं ते पीठ, आणि बियरच्या यीस्टला पीठ पचत नाही. मग दाण्यालाच फसवायचं. भिजवायचा, मोड येऊ द्यायचे. आता आपण उगवणार या समजुतीने दाणा स्वतःच्या पिठाची साखर करणारी विकरं तयार करतो, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला गरम हवेत वाळवून टाकायचं. झाला मॉल्ट. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करणाऱ्या आजीला ही युक्ती बियरच्या कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती. ब्रुअर मग हा मॉल्ट भरडून साधारण ६२ ते ७० अंशांच्या पाण्यात तास-दीड तास ठेवतो आणि विकरं अर्धवट राहिलेलं काम पुरं करतात. किती अंशांवर ठेवलं त्यावर बियर रुक्ष होणार की अंगाने भरलेली, हे ठरतं. मॉल्ट किती भाजला त्यावर रंग. काळ्या स्टाउटला येणारा कॉफीचा वासही बहुधा भाजण्यातूनच आलेला असतो, कॉफी घातलीच पाहिजे असं काही नाही.

फेसाच्या तक्रारीवर मात्र मी वेटरच्या बाजूने आहे.

दोन बोटं फेस हा ग्राहकाची फसवणूक आहे, अशी आपल्याकडे ठाम समजूत. बाटलीतली बियर ग्लास तिरका धरून, फेस न येऊ देता ओतणं हे तर कौशल्याचं लक्षण मानलं जातं. पण कोकाकोलाचा फेस क्षणात विरतो आणि बियरचा टिकून राहतो, याचा कोणी विचार करतं का? बियरच्या प्रत्येक बुडबुड्याला अंगरखा आहे. जवाच्या दाण्यातली काही प्रथिनं, त्यातलं एक एलटीपी१, मॉल्ट करताना आणि उकळताना उलगडतात. त्यांचा पाण्याशी न जुळणारा भाग हवेकडे तोंड करून बुडबुड्याच्या कडेला बसतो. हॉप्सचे कडू रेणू या प्रथिनांना एकमेकांशी बांधून घेतात. म्हणूनच फेस बियरपेक्षा कडू लागतो, चाखून पाहा. आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा वासाचे रेणू नाकाशी आणून सोडतो. फेस काढून घेतला तर केळं, लवंग, हॉप्सचा संत्र्यासारखा वास, सगळंच बेताचं.

या फेसाचा मोठा शत्रू: तेल. बारमध्ये बसून एकदा मुद्दाम पाहा. पेला समोर येतो तेव्हा वर घट्ट पांढरी साय असते. मग येतो चखणा. कुरकुरीत बोंबील फ्राय, चटकदार मसाला पापड, चीजचे काही तरी गोळे. एक बोंबील तोंडात, तेच ओठ पेल्याला. ओठ टेकले तिथे फेसाला खिंडार पडतं आणि कड बघता बघता आत सरकते. तेलाचे रेणू प्रथिनांना कडेवरून हुसकून त्यांची जागा घेतात, पण त्यांना एकमेकांचा हात धरता येत नाही. लिपस्टिक हेच करते. नीट न धुतलेला ग्लासही हेच करतो, आणि तो ओळखायची सोपी खूण म्हणजे आतल्या काचेला ठिकठिकाणी चिकटून बसलेले बुडबुडे. तिथे काच अस्वच्छ आहे. असा ग्लास परत पाठवायला अजिबात संकोच करू नये. तक्रार करायचीच तर याची करावी.

फेस किती वेगाने ओसरतो हे मोजून म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांनी शोधनिबंध लिहिला आणि २००२ चं इग नोबेल पारितोषिक पटकावलं. त्यांनी दाखवलं की फेस किरणोत्सारी अणूंसारखाच घातांकी नियमाने ओसरतो, म्हणजे त्यालाही अर्धायुष्य असतं. तीन बियर, एक पट्टी, एक घड्याळ. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत विद्यार्थ्यांनी असं काही लिहावं यासाठीच त्यांनी तो खटाटोप केला होता. आपल्या महाविद्यालयांत हा प्रयोग अभ्यासक्रमात येण्याची चिन्हं नाहीत.

“गार नाही.” उन्हाळ्यात, घामेजलेल्या लोकलमधून उतरून थेट बारमध्ये आलेल्या माणसाची ही तक्रार समजण्यासारखी आहे. बाटलीबंद लागरची सवय असते बर्फाच्या पेटीतली. पण वासाचे रेणू हवेत उडाले तरच नाकापर्यंत पोचणार, आणि गारठ्यात ते उडत नाहीत. हलकी लागर चार-पाच अंशांवर चालते. एल, स्टाउट यांना आठ ते बारा अंश मानवतात. एखादी बियर फार गार दिली जात असेल तर कधीकधी तिच्यात दडवण्यासारखं काही असतं.

जिभेला जाणवणारी ती झिणझिण मात्र बुडबुड्यांची नाही, हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. बुडबुडे तयारच होऊ नयेत इतक्या दाबाखाली माणसांना कार्बोनेटेड पाणी पाजून पाहिलं, झिणझिण तशीच! ती येते कार्बन डायऑक्साइडपासून तोंडात बनणाऱ्या आम्लातून. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असतं, ते वायूचं आम्ल करतं. लेह-लडाखला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घेतात, ती नेमकं हेच विकर दाबते. त्यामुळे ती गोळी घेतलेल्या गिर्यारोहकांना शिखर सर झाल्याच्या आनंदात उघडलेली बियर चक्क शिळी, मेलेली लागते. बियर ठणठणीत असते. बंद पडलेलं असतं जिभेवरचं यंत्र.

“किक नाही”चं उत्तर सोपं आहे: आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून खपणारी बाटली आठ टक्क्यांपर्यंत जाते, इथल्या नळाची बियर बहुधा पाचच्या आसपास. ज्याला फक्त चढायलाच हवी आहे त्याने इथे एवढे पैसे घालवण्यात हशील नाही.

महाराष्ट्रात ही क्राफ्ट बियर आली कशी? २००९ मध्ये पुण्यात कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ हा ब्रूपब, म्हणजे जागेवरच बियर बनवणारा बार, सुरू झाला. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून आलेलं, आणि बियर बनवायला जर्मन ब्रुअर ओलिव्हर शाउफ. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा जागांपैकी ती एक. मुंबईला पहिला ब्रूपब मिळायला २०१३ उजाडलं, लोअर परळचा ‘बार्किंग डियर’. पाठोपाठ डोंबिवलीत ‘गेटवे’ने बियर बनवायला घेतली आणि तिथून पिंपं भरून मुंबईच्या बारमध्ये जाऊ लागली, त्यांची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाचीच, केळं-लवंगवाली. उपनगरातल्या अनेकांनी ‘केळं घातलंय का’ हे पहिल्यांदा विचारलं ते अशाच एखाद्या नळाखालच्या पेल्यावरून असणार. फळ्यावर हमखास दिसणारी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, दोनशे वर्षांपूर्वी लंडनहून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिने पिंपात हेलकावे खात मुंबई-कलकत्त्याला येत असे. हॉप्सचे कडू रेणू काही जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून भरपूर हॉप्स. ती खास हिंदुस्थानसाठी कोणा एकाने शोधून काढली ही गोष्ट मात्र भाकडकथा आहे. जास्त हॉप्स घातले की बियर टिकते हे ब्रुअरना आधीपासून माहीत होतं.

कायद्याचा एक कोपराही सांगायलाच हवा. या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा, पाच रुपयांचा असाही मिळतो. केळ्याबद्दल विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात तो नसतो.

आता मीठ. भाईंदरच्या लोकलच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका खणातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, उन्हाच्या जिवावर मीठ धरायचं आणि लाकडी फावड्याने ओढायचं. आगरी समाजाचा हा पिढीजात धंदा. बियरशी याचा काय संबंध? जर्मनीत गोस्लार-लाइपझिग भागात ‘गोझ’ नावाची बियर आहे: गहू, धणे, मीठ आणि दुधाचं दही करणाऱ्यांच्याच गोतातल्या जिवाणूंनी आणलेला आंबटपणा. १९६० च्या दशकात ती बनणं पार थांबलं होतं, १९८० च्या दशकात लाइपझिगच्या हौशी माणसांनी ती पुन्हा उभी केली आणि आज जगभरच्या क्राफ्ट बारमध्ये ती मिळते. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने तर मीठ घातलेली कोकमाची एल काढली. आंबट, खारट, धण्याचा वास. या चवीला आपल्या जिभेने परकं म्हणायचं काही कारण नाही. भाईंदरच्या मिठाची गोझ कोणी तरी करून बघावी अशी माझी फार इच्छा आहे. खाडीचं आजचं पाणी पाहता आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, ही पुस्ती जोडून.

मीठ फक्त खारटपणा आणत नाही. ते कडवटपणा दाबतं आणि त्याखाली दडलेली गोडी व इतर चवी वर येऊ देतं. ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. कडू आयपीएबरोबर खारे शेंगदाणे हा चखणा कोणत्याही शास्त्रज्ञाने सुचवलेला नाही, पण तो चपखल आहे. पहिला घोट शेंगदाण्याआधी घ्या, दुसरा नंतर. दुसरा कमी कडू लागेल.

आणि यीस्टही इथल्या माणसांना नवं नाही. उत्तन-डोंगरी-गोराईच्या पट्ट्यात ताडं आहेत, ताडी आहे, आणि ईस्ट इंडियन घरांत लग्नाकार्याला होणारे फुगियास नावाचे तळलेले गोळे पूर्वापार ताडीनेच फुगवले जात. गोव्याच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पावही पाकिटातलं यीस्ट येण्याआधी सुरेनेच, म्हणजे माडाच्या ताडीनेच फुगायचा. एलचं यीस्ट, पावाचं यीस्ट आणि ताडीत आपसूक वाढणाऱ्या गर्दीतलं मुख्य यीस्ट, तिघांची प्रजाती एकच आहे: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. नळाखालच्या चकचकीत पेल्यातल्या जिवाचे नातेवाईक पाच-सहा मैलांवर ताडावर टांगलेल्या मडक्यात राहत होते.

इथवर नाक आणि जीभ झाली. बारमधला तिसरा खेळाडू असतो डोकं, आणि ते भरवशाचं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉस्टनजवळच्या एमआयटीतल्या पबमध्ये गिऱ्हाइकांना दोन बियर चाखायला दिल्या. एक साधी, दुसरीत काही थेंब बाल्सामिक व्हिनेगर. काहीच न सांगता दिली तेव्हा निम्म्याहून अधिकांना व्हिनेगरवालीच आवडली. चाखण्याआधी सांगितलं तर बहुतेकांनी तोंड वाकडं केलं. चाखून झाल्यावर सांगितलं, तर मत फारसं बदललं नाही. म्हणजे आधी मिळालेली माहिती चवीत मिसळते, नंतर मिळालेली नुसती डोक्यात राहते. ‘बनाना फ्लेवर आहे’ म्हणणारा नवखा वेटर नकळत हाच प्रयोग करत असतो. त्याने ते पेला ठेवायच्या आधी सांगितलं तर ज्यांना केळं लागलं नसतं त्यांनाही लागेल.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो, कारण तो चाखण्याचा नाही, मागवण्याचा आहे. डॅन एरिअली आणि जॉनथन लेवाव यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका ब्रुअरीच्या बारमध्ये चार बियरच्या नमुन्यांची यादी टेबलांवर नेली. काही टेबलांवर नेहमीसारखी, एकेकाने मोठ्याने ऑर्डर द्यायची. काही टेबलांवर प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप लिहायची. मोठ्याने मागवताना लोकांनी शेजाऱ्याने घेतलेली बियर टाळून वेगळी घेतली, आपण वेगळे दिसावं म्हणून, आणि ती त्यांना कमी आवडली. समाधानी राहिला तो फक्त पहिला मागवणारा, कारण त्याच्यापुढे टाळायला काही नव्हतंच. (एरिअलींच्या दुसऱ्या एका निबंधातल्या आकडेवारीवरून पुढे मोठं वादळ उठलं आणि तो निबंध मागे घ्यावा लागला, हेही लक्षात असू द्यावं.) हाँगकाँगमध्ये असाच प्रयोग केला तेव्हा उलट झालं. तिथे लोकांनी शेजाऱ्याचीच निवड उचलली, सगळ्यांबरोबर राहावं म्हणून. समाधान तिथेही कमीच.

मीरा रोडचं टेबल कोणत्या बाजूला झुकतं, हे ओळखायला मानसशास्त्रज्ञ नको. सहा जण बसतात, पहिला बराच वेळ फळा वाचून गव्हाची मागवतो, दुसरा म्हणतो “मलाही तेच”, तिसरा नुसतीच मान हलवतो, आणि चौथ्याला स्टाउट हवी असूनही “चला, पिचरच सांगू” असा निकाल लागतो. मी अलीकडे गटात गेलो की वेटरला आधी गाठून माझी ऑर्डर त्याच्या कानात सांगून ठेवतो. मित्र त्याला खडूसपणा म्हणतात.